मध्यवस्तीतल्या बंद गाळ्यांचा हिशेब

लहान शहराची मुख्य बाजारपेठ ओस पडू लागली की तिथल्या नगरपालिकेची प्रतिक्रिया, देश कोणताही असो, बहुधा ठरलेली असते. सल्लागार नेमला जातो. तो रस्त्याची रंगीत चित्रे तयार करून आणतो. त्यांत नवे दिवे, नवी फरसबंदी, एखादे कारंजे आणि बाकांवर विसावलेली हसरी कुटुंबे असतात. निधी मंजूर होतो, रस्ता वर्षभर खणलेला राहतो, उरलीसुरली गिऱ्हाइके तेवढ्या काळात दुसरीकडे जायची सवय लावून घेतात, आणि उद्घाटनानंतर काही वर्षांनी नव्या फरसबंदीसमोर जुनीच शटरे बंद असलेली दिसतात. पेठ मरते ती आकर्षण कमी पडल्यामुळे, असे या उपायामागचे गृहीतक असते आणि ते तपासून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेते. माझ्या मते मध्यवस्तीचे अर्थकारण तिथल्या गाळ्यांच्या मालकीत, भाड्याच्या अपेक्षेत आणि परवान्यांच्या नियमांत अडकलेले असते. गाळा बंद ठेवणे मालकाला जोवर स्वस्त पडते आणि तो उघडणे नवख्या व्यावसायिकाला महाग पडते, तोवर रस्त्यावर कितीही खर्च केला तरी तो पाण्यात जाण्याचीच शक्यता अधिक.

सजावटीच्या उपायाचा इतिहास पुरेसा जुना आहे आणि तो पाहण्यासारखा आहे. व्हिक्टर ग्रुएन हे व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले वास्तुविशारद. त्यांच्या आराखड्यानुसार मिनियापोलिसजवळ १९५६ मध्ये साउथडेल हा पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला आणि शहराच्या कडेला जाऊन खरेदी करण्याचा साचा तयार झाला. त्या साच्यामुळे जुन्या पेठा रिकाम्या होऊ लागल्या, तेव्हा त्यावरचा उताराही ग्रुएन यांच्याच कार्यालयातून आला, हा या कथेतला गमतीचा भाग. मिशिगन राज्यातल्या कॅलमझू शहराने १९५९ मध्ये आपल्या मुख्य रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद करून पादचाऱ्यांसाठी सजवला. पुढच्या काही दशकांत अमेरिकेतल्या सुमारे दोनशे शहरांनी ही कल्पना उचलली आणि त्यांतले बहुतेक रस्ते नंतर पुन्हा वाहनांसाठी खुले करावे लागले. खुद्द कॅलमझूनेही १९९८ मध्ये आपल्या रस्त्याचा बराचसा भाग खुला केला. दुसरीकडे कोपनहेगनने १९६२ मध्ये स्ट्रॉएट हा रस्ता पादचाऱ्यांना दिला आणि तो आजही गजबजलेला आहे. ते राजधानीचे शहर आहे म्हणून तसे घडले, असे म्हणावे तर स्पेनमधल्या पोंतेवेद्राचे उदाहरण समोर येते. जेमतेम ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या शहराने १९९९ पासून जुन्या भागातून गाड्या जवळजवळ हद्दपार केल्या आणि तरीही, किंवा त्यामुळेच, तिथली वर्दळ वाढली.

एकाच उपायाचे असे परस्परविरुद्ध निकाल लागतात तेव्हा निकाल ठरवणारी गोष्ट त्या उपायाच्या बाहेर असते. कोपनहेगन आणि पोंतेवेद्रा इथे रस्त्याच्या वरच्या मजल्यांवर आणि मागच्या गल्ल्यांत माणसे राहत होती, ती पायी येऊ शकत होती आणि त्यांना तिथे रोजची कामे होती. बहुतेक अमेरिकी शहरांत राहणारी माणसे आधीच उपनगरांत गेली होती. वाहने बंद केल्यावर त्या रस्त्यावर यायला कोणी उरलेच नव्हते. म्हणून पादचारी रस्ता चांगला की वाईट, या वादात मला फारसा रस नाही. वरच्या मजल्यावर कोण राहते आणि खालच्या गाळ्याला कुलूप का आहे, हे दोन प्रश्न त्याआधी सोडवावे लागतात.

त्याआधी एक हिशेब मात्र नगरपालिकेने स्वतःशी मांडायला हवा. शहराच्या कडेला मोठे दुकान किंवा मॉल येतो तेव्हा त्याचा एकूण कर डोळ्यांत भरतो आणि मध्यवस्तीतली तीन मजली जुनी इमारत त्यापुढे किरकोळ वाटते. नॉर्थ कॅरोलायनातल्या अॅशव्हिल या शहराच्या बाबतीत नगररचनाकार जोसेफ मिनिकोझी यांनी हाच कर जमिनीच्या एकरामागे मोजला. कडेचे वॉलमार्ट सुमारे ३४ एकरांवर पसरलेले होते आणि त्यातून एकरी सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर येत होता. मध्यवस्तीत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेल्या एका जुन्या इमारतीचा दर एकरी सहा लाख डॉलरच्या वर निघाला. ती इमारत एकराच्या पाचव्या भागावर उभी होती, तेव्हा हा आकडा थोडा फसवा आहे आणि विक्रीकराची बाजूही यात नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही नगरपालिकेला रस्ते, गटारे, जलवाहिन्या आणि दिवे पुरवायचे असतात ते जमिनीच्या विस्ताराप्रमाणे. ज्या जागेवर या साऱ्याचा खर्च पूर्वीच होऊन गेला आहे ती रिकामी ठेवायची आणि शेतात नवी गटारे न्यायची, हा व्यवहार कोणत्याही खासगी कारभाऱ्याने दोन वर्षे चालवला तर त्याला घरी बसवतील.

दुर्दैवाने या व्यवहारात पुढाकार अनेकदा सरकारी कार्यालयांचाच असतो. जागा अपुरी पडते, पार्किंग मिळत नाही, या कारणांनी न्यायालय, रुग्णालय, महाविद्यालय किंवा खुद्द नगरपालिकेचे कार्यालय बाहेरच्या रस्त्यावर जाते. त्याबरोबर रोज येणारे काही शे लोक जातात आणि त्यांच्यावर जगणारी छपाईची, स्टेशनरीची, दुरुस्तीची दुकाने वर्षा-दोन वर्षांत बंद पडतात. मग तीच नगरपालिका पेठेत महोत्सव भरवते. फ्रान्सने या बाबतीत निदान विचार तरी सरळ केला. तिथे २०१८ मध्ये ‘अॅक्सियाँ कर द व्हिल’ हा कार्यक्रम सुरू झाला. २२२ मध्यम आकाराच्या शहरांच्या मध्यभागांसाठी पाच वर्षांत ५०० कोटी युरो उभे करण्याचे ठरले. मला त्या रकमेपेक्षा त्याच वर्षीच्या कायद्याने दिलेला अधिकार महत्त्वाचा वाटतो. ज्या शहराने पुनरुज्जीवनाचा करार केला आहे त्याच्या मध्यभागात दुकान काढण्याच्या परवानग्या सोप्या झाल्या आणि कडेच्या मोठ्या व्यापारी प्रकल्पाला स्थगिती देण्याचा अधिकार सरकारी प्रतिनिधीला मिळाला. एका हाताने पैसा आणि दुसऱ्या हाताने लगाम, अशी ही मांडणी आहे. नुसता पैसा ओतणाऱ्या योजनांमध्ये नेमका लगामच नसतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भाडे मिळत नसतानाही मालक गाळा बंद का ठेवतो? बाहेरून पाहणाऱ्याला हा मूर्खपणा वाटतो, पण मालकाच्या बाजूने पाहिले तर त्यात पुष्कळ शहाणपण असते. इमारतीची किंमत तिच्या भाड्यावरून ठरते आणि त्या किमतीवर बँकेचे कर्ज उभे असते. भाडे निम्म्यावर आणून गाळा दिला तर कागदोपत्री मूल्य घसरते आणि बँक जास्तीचे तारण मागू शकते. गाळा ‘तूर्त रिकामा’ असेल तर जुन्या भाड्याचा आकडा कागदावर शाबूत राहतो. काही इमारतींचे वारस चार शहरांत विखुरलेले असतात आणि कोणताही करार करायचा तर सगळ्यांच्या सह्या लागतात. काहींना आशा असते की कधीतरी मोठा विकासक येईल आणि त्या दिवशी आत भाडेकरू नसलेला बरा. याशिवाय अनेक ठिकाणी रिकाम्या मालमत्तेला करात सवलत मिळते, म्हणजे ज्या कुलुपामुळे शेजारच्या दुकानाची गिऱ्हाइके कमी होतात त्या कुलपाला शहरच अनुदान देते.

वरच्या मजल्यांची गोष्ट तर याहून साधी आहे आणि म्हणूनच ती कोणाच्या अहवालात सापडत नाही. जुन्या पेठेतल्या इमारतीत तळाला दुकान आणि वर राहण्याच्या खोल्या अशी रचना असे. दुकानाच्या बाजूने एक अरुंद जिना थेट रस्त्यावरून वर जाई. दुकानदाराला दर्शनी भाग वाढवायचा झाला की पहिला बळी या जिन्याचा जातो. तीन-चार फुटांची जागा दुकानात घेतली जाते, काचेची दर्शनी खिडकी तेवढी रुंद होते आणि वर जायला दुकानाच्या आतल्या शिडीवजा वाटेखेरीज मार्ग उरत नाही. अशा मजल्यावर कुटुंब राहू शकत नाही, कारण दुकान बंद झाल्यावर त्याला घरात शिरता येणार नाही. तिथे भाडेकरू ठेवायचा तर अग्निशमनाचे नियम दुसरी वाट मागतात आणि ती द्यायला जागा नसते. मग तिथे रिकामी खोकी आणि मोडक्या कपाटांचे सामान साठते. मध्यवस्तीत लोक राहायला का येत नाहीत, यावर परिसंवाद भरवण्याऐवजी नगरपालिकेने दोन शेजारच्या इमारतींना मिळून मागच्या बाजूने एक सामाईक जिना बांधायला अर्थसाहाय्य दिले आणि त्यासाठी मोकळ्या जागेच्या नियमात सूट दिली, तर एकाच खर्चात दोन इमारतींचे चार मजले राहण्याजोगे होतील.

यासाठी पहिली गरज आहे ती यादीची. कोणता गाळा किती दिवस बंद आहे, मालक कोण, वाद आहे का, छत गळते का, वीजजोडणी चालू आहे का, जिना आहे का, मागितलेले भाडे किती आणि शेवटी प्रत्यक्ष मिळालेले भाडे किती, एवढी माहिती गाळावार उपलब्ध असलेली नगरपालिका विरळाच. लहान शहराच्या मुख्य पेठेत असे गाळे दोन-तीनशेच्या पुढे सहसा नसतात. दोन कर्मचारी एका हंगामात हे काम उरकू शकतात.

यादी हाती आली की काय करता येते, ते ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलने दाखवले. १९८९ च्या भूकंपाने आणि १९९९ मध्ये पोलाद कारखाना बंद पडल्याने या शहराचा मध्यभाग खचला होता. हंटर स्ट्रीट हा एके काळचा मुख्य रस्ता बंद दुकानांची रांग होऊन बसला होता. २००८ मध्ये मार्कस वेस्टबरी यांनी ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही संस्था काढली. संस्थेने मालकांकडे जागा मागितली ती भाडेकराराने नव्हे, वापराच्या तात्पुरत्या परवान्याने. परवाना तीस-तीस दिवसांनी पुढे वाढत जाई आणि खरा भाडेकरू मिळाला की मालकाला जागा परत मिळे. विम्याची आणि परवानग्यांची जबाबदारी संस्थेने उचलली. मालकाला भाडे मिळत नसले तरी जागेची साफसफाई आणि राखण होऊ लागली. कारागीर, चित्रकार, छोटे प्रकाशक, कपडे शिवणारे अशा लोकांना नगण्य खर्चात धंदा आजमावून पाहता आला. त्यांतले काही अपयशी ठरले, काही पुढे रीतसर भाडे भरू लागले. कुठलीही इमारत बांधली गेली नाही आणि कायदाही बदलला नाही. मालकाला ज्या दोन गोष्टींची भीती होती, म्हणजे भाडेकरू निघणार नाही आणि अपघात झाला तर दावा आपल्यावर येईल, तेवढ्या दोन भीती कागदावर दूर केल्या गेल्या. एखाद्या शहराने याची नक्कल करायची ठरवली तर त्यातला कलेचा भाग सोडला तरी चालेल, पण करारातला हा बारकावा सोडून चालणार नाही.

मात्र समजावणीला दाद न देणारे मालक सर्वत्र असतात आणि त्यांच्या बाबतीत थोडी सक्ती अपरिहार्य आहे. इंग्लंडमध्ये २०२४ च्या डिसेंबरपासून स्थानिक परिषदांना असा अधिकार मिळाला आहे की, ठरवून दिलेल्या बाजारभागातले दुकान गेल्या २४ महिन्यांत एकूण ३६५ दिवसांहून अधिक काळ रिकामे राहिले असेल, तर त्याच्या एक ते पाच वर्षांच्या भाडेहक्काचा लिलाव करता येतो. मालकी मालकाचीच राहते, भाडेही त्यालाच मिळते, फक्त किमान भाड्याची अट त्याला घालता येत नाही. यावर मालमत्तेच्या हक्काचा आक्षेप घेतला जातो आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. पण पेठेतल्या गाळ्याची किंमत त्या एकट्या गाळ्याने निर्माण केलेली नसते. ती शेजारच्या पन्नास दुकानांमुळे, समोरच्या सार्वजनिक रस्त्यामुळे आणि पिढ्यानपिढ्यांच्या वर्दळीमुळे आलेली असते. त्या सामाईक किमतीवर वर्षानुवर्षे नुसते बसून राहण्याचा हक्क निरपवाद असू शकत नाही. माझी शंका वेगळी आहे. लिलावात जागा घेणाऱ्याला गळके छत आणि जुनी वायरिंग मिळाली, तर पाच वर्षांच्या हक्कासाठी तो त्यावर खर्च का करील? दुरुस्तीचा बोजा कोणावर, हे स्पष्ट केल्याशिवाय हा अधिकार धमकी म्हणूनच अधिक उपयोगी पडेल. अर्थात, चांगली धमकीही काही कमी उपयोगाची नसते.

विखुरलेल्या मालकीवरचा सर्वांत विचारपूर्वक उपाय मला जपानमधल्या ताकामात्सु शहरात दिसतो. चार लाखांहून थोड्या अधिक वस्तीचे हे शहर फार लहान नाही, पण तिथल्या मारुगामेमाची या छत असलेल्या व्यापारी रस्त्याची अडचण लहान शहरांसारखीच होती: जमिनीचे अनेक छोटे मालक, प्रत्येकाची वेगळी इमारत आणि एकत्र काही करण्याची असमर्थता. तिथल्या व्यापाऱ्यांनी जमिनीची मालकी आणि जमिनीचा वापर यांची फारकत केली. मालकांनी जमीन न विकता साठ वर्षांच्या मुदतीने एका सामाईक कंपनीकडे सोपवली. कंपनीने एकेक टप्पा नव्याने बांधला, पहिला २००६ मध्ये पूर्ण झाला, आणि कोणते दुकान कुठे असावे हे ती ठरवू लागली. मालकाचे उत्पन्न ठरीव भाड्याऐवजी रस्त्याच्या एकूण कमाईशी जोडले गेले. परिणामी आपल्या गाळ्यात जास्त भाडे देणारा कोणीही चालेल, ही वृत्ती मागे पडून रस्त्याला कशाची गरज आहे याचा विचार मालकाच्या फायद्याचा झाला; तिथे घरे बांधली गेली, दवाखाना आला. यासाठी लागलेली वर्षे आणि परस्परविश्वास सर्वत्र मिळेल असे नाही, आणि भाऊबंदकीत अडकलेल्या पेठांमध्ये तर ते अवघडच.

इथे एक व्यावहारिक गोष्ट नोंदवतो. दुकानदार दिवसभर दुकानात असतो; मालकांना भेटणे, वारसांचा माग काढणे, बँकेशी बोलणे ही कामे त्याच्याने संध्याकाळच्या बैठकांत होत नाहीत. अमेरिकेत १९७७ मध्ये तीन लहान शहरांत सुरू झालेल्या ‘मेन स्ट्रीट’ या पेठ सावरण्याच्या प्रयोगाची कळ माझ्या समजुतीने पेठेसाठी नेमलेल्या पगारी, पूर्णवेळ व्यवस्थापकात होती. त्याचा पगार कुठून यायचा, याचे एक उत्तर टोरोंटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज या व्यापारी भागाने १९७० मध्येच दिले होते: भागातल्या सर्व व्यावसायिकांकडून मालमत्ता कराबरोबर सक्तीने गोळा होणारी आणि त्याच भागावर खर्च होणारी वर्गणी. पार्किंगचेही तसेच करता येते. कॅलिफोर्नियातल्या जुन्या पासाडेनात १९९३ मध्ये मीटर बसवायला व्यापाऱ्यांचा विरोध होता; त्याचा महसूल त्यांच्याच रस्त्यांवर खर्च होईल असे ठरल्यावर तो मावळला. फुकटच्या जागा अडवून बसणाऱ्यांत दुकानांचे मालक आणि नोकर यांचाच भरणा होता, हेही तेव्हा उघड झाले.

ऑनलाइन खरेदीमुळे हे सारे निरर्थक झाले आहे, असे म्हणणारे लोक पेठ म्हणजे वस्तूंचे कोठार समजतात. वस्तू घरपोच येते हे खरेच आहे, आणि लोकसंख्या घटलेल्या शहरात पूर्वी दीड किलोमीटर चालणारी दुकानांची ओळ तशीच परत येणार नाही, हेही मान्य करावे लागेल. अशा शहराने पेठ आखूड करण्याचा निर्णय उघडपणे घ्यावा: मधला चारशे-पाचशे मीटरचा भाग दाट ठेवावा, आणि टोकांकडच्या गाळ्यांना घर, कार्यशाळा, शिकवणी किंवा दवाखाना म्हणून वापरायची मुभा द्यावी. अनेक नगररचना आराखड्यांत तळमजल्याला दुकानाशिवाय दुसरा वापर चालतच नाही. पन्नास वर्षांपूर्वी वर्दळ राखण्यासाठी केलेला हा नियम आज ओसाडीची राखण करतो. वस्तूंची दुकाने गेली तरी केस कापणे, दात तपासणे, शिकणे, दुरुस्त करून घेणे आणि चार माणसांत बसणे या गोष्टी घरपोच येत नाहीत, आणि त्यांना मोठ्या दर्शनी गाळ्यांपेक्षा छोट्या स्वस्त खोल्यांची गरज असते.

राहिला प्रश्न यशाचा, आणि तो अपयशाइतकाच गंभीर आहे. पेठ सावरली की भाडी चढतात, आणि पडत्या काळात जोखीम घेऊन जे शिरले त्यांनाच आधी बाहेर पडावे लागते. त्यांच्या कष्टांचा मोबदला गाळा बंद ठेवून वाट पाहणाऱ्या मालकाच्या खिशात जातो. भाडेनियंत्रणाने हे थोपवता येईल यावर माझा विश्वास नाही, कारण त्यातून पुन्हा दुरुस्ती न करणारे मालक आणि जागा न सोडणारे भाडेकरू तयार होतात. त्यापेक्षा भाव पडलेले असतानाच, म्हणजे कोणालाच पेठेत रस नसताना, नगरपालिकेने किंवा व्यापाऱ्यांच्या सामाईक विश्वस्त संस्थेने दहा-पंधरा इमारती विकत घ्याव्यात. कारंज्याला आणि फरसबंदीला जी रक्कम लागते तिच्यात लहान शहरात एवढी खरेदी बसू शकते. लेखापरीक्षक विचारतील की पडक्या इमारतींत सार्वजनिक पैसा का घातला, आणि पहिली काही वर्षे त्याला समाधानकारक उत्तर देता येणार नाही. त्याबरोबर, मालकाला जिन्यासाठी किंवा छतासाठी अनुदान देताना करारात एक कलमही असावे: पुढची दहा वर्षे भाडेवाढ ठरावीक टक्क्यांच्या आत राहील, आणि इमारत विकली तर अनुदानाचा हिस्सा नफ्याच्या प्रमाणात परत येईल. हे कलम पहिल्याच अनुदानाच्या वेळी घालावे लागते; पेठ सावरल्यानंतर त्यावर सही करायला कोणताही मालक तयार होणार नाही.